टचअप ते टचअप: रिबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन केलेल्या केसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस सरळ, गुळगुळीत करणाऱ्या या ट्रीटमेंटबद्दल कोथरूडमधल्या आमच्या पार्लरच्या व्हॉट्सॲपवर सतत येणारे हे प्रश्न. बहुतेक मेसेज एकाच वाक्याने सुरू होतात: "ताई, केस परत होते तसे झाले." खरं तर ते तसे झालेले नसतात. वरचे दोन-तीन इंच नवे असतात आणि खालचे जुनेच. या दोघांना पुढच्या टचअपपर्यंत, म्हणजे नव्या वाढीवर पुन्हा तीच प्रक्रिया होईपर्यंत, एका डोक्यावर गुण्यागोविंदाने कसं नांदवायचं, त्याची ही उत्तरं. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या केसांवर रिबाँडिंग झालंय, स्मूदनिंग की केराटिन, हेच मला नक्की माहीत नाही. कसं ओळखू?

नावावर जाऊ नका. एका पार्लरचं स्मूदनिंग दुसऱ्याकडे केराटिन म्हणून विकलं जातं. मुळात प्रकार दोनच. पहिल्यात क्रीम केसाच्या आत शिरून तिथले बंध तोडतं. मग केस धुऊन, वाळवून, केसांच्या इस्त्रीने (दोन तापत्या पट्ट्यांच्या स्ट्रेटनरने) सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून ते बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. रिबाँडिंग आणि बरंचसं स्मूदनिंग यात येतं. दुसऱ्या प्रकारात केसावर थर बसवून तो इस्त्रीच्या उष्णतेने पक्का करतात. केराटिन यातलं, आणि 'हेअर बोटॉक्स'सुद्धा. त्यात इंजेक्शनवालं बोटॉक्स नसतंच.

आठवून पाहा. एकाच बैठकीत दोन वेगळी क्रीम लागली आणि मधे केस धुतले असतील, तर पहिला प्रकार. आठवत नसेल तर पाच-सहा महिन्यांनी आरसाच सांगतो: खाली सरळसोट आणि एका रेषेपासून वर कुरळे, तर पहिला. सगळेच केस हळूहळू मूळच्या वळणावर येत असतील, तर दुसरा. पुढच्या वेळी वापरलेल्या प्रॉडक्टचं नाव बिलावर लिहून घ्या. ते का, हे प्रश्न १५ मध्ये आहे.

२. टचअप किती महिन्यांनी करायचा? मैत्रीण दर तीन महिन्यांनी करते.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम दीड इंच. एवढ्या आखूड भागावर क्रीम लावताना ते खालच्या, आधीच प्रक्रिया झालेल्या केसांवर उतरल्याशिवाय राहत नाही आणि वर टाळूलाही लागतं. रिबाँडिंग किंवा बंध तोडणारं स्मूदनिंग असेल तर निदान सहा महिने थांबा. आठ-दहा महिने निघाले तर फारच छान. टचअप फक्त नव्या वाढीवर होतो. "पुन्हा पूर्ण लांबीवर मारून देते" असं कुणी म्हणालं तर खुर्चीवरून उठा.

केराटिनचं गणित वेगळं. तो थर धुण्यागणिक झिजत तीन ते पाच महिन्यांत जातो, त्यामुळे तिथे टचअप नसतो, प्रक्रियाच पुन्हा होते.

३. मुळांशी केस फुगलेत, खाली चपटे आहेत. ट्रीटमेंट फेल गेली का?

नाही. क्रीमने बदलला तो टाळूच्या बाहेर आलेला केस. त्वचेखाली ज्या पिशवीतून केस उगवतो तिला या प्रक्रियेची खबरही नसते, ती जन्मजात वळणाचाच केस बाहेर सोडते. खालचे केस सरळ आहेत, म्हणजे काम नीट झालं आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मुळांपासून वळण दिसू लागलं, तर मात्र क्रीम किंवा न्यूट्रलायझर कमी पडलं असण्याची शक्यता आहे. तेव्हा ज्यांनी केलं त्यांना लगेच दाखवा, घरी काही करू नका.

४. पण नवीन केस आधीपेक्षाही जास्त कुरळे का वाटतात?

निम्मा भाग नजरेचा. शेजारी सरळ केस असला की साधी लहरही कुरळी दिसते. शिवाय आखूड केसाला खाली ओढणारं स्वतःचं वजन नसतं. मात्र बाळंतपण, थायरॉइड, रजोनिवृत्ती, काही औषधं यांनी केसांचा पोत खरोखरच बदलतो. सोबत गळतीही असेल तर डॉक्टरांना विचारलेलं बरं.

५. केस आठवड्यातून किती वेळा आणि कसे धुवायचे?

टाळू तेलकट झाली की धुवा. बहुतेकींना आठवड्यातून दोनदा पुरतं, रोज स्कूटरवर असाल तर तीनदा. 'कमी धुतले की ट्रीटमेंट टिकते' हे केराटिनला लागू आहे. रिबाँडिंगला नाही, ते धुऊन जाणारं नव्हेच.

पद्धत महत्त्वाची. शॅम्पू फक्त टाळूला आणि नव्या वाढीला, बोटांच्या पेरांनी. खाली वाहणाऱ्या फेसात लांबी आपोआप धुतली जाते, ती वेगळी चोळायची नाही. कंडिशनर उलट: कानाच्या खाली भरपूर, टाळूला अजिबात नाही. कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकांकडून वर सरका. नव्या-जुन्या केसांच्या रेषेपाशी कंगवा अडतो. तिथे ओढू नका. वरचा भाग मुठीत धरा आणि मुठीच्या खाली विंचरा, म्हणजे ओढ मुळांवर आणि रेषेवर येत नाही.

पुसायला जाड टर्किश टॉवेल नको. आजीकडे असतो तसा पातळ सुती पंचा घ्या. त्याने केस दाबून पाणी टिपा. झटकणं आणि पिळणं बंद. पंचा नसेल तर जुना सुती टीशर्ट चालेल. सल्फेट नसलेल्या शॅम्पूचा आग्रह केराटिनवाल्यांनी धरावा. इतरांनी सौम्य शॅम्पू घ्यावा आणि बाटलीवरच्या जाहिरातीवर फार वेळ घालवू नये.

६. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी आहे. त्यानेच केस राठ झालेत का? फिल्टर बसवू का?

वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस, म्हाळुंगे इथून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्या पेठांमधून क्वचितच. कारण जमिनीत आहे. पुण्याखाली बेसाल्ट खडक आहे आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं. रासायनिक प्रक्रिया झालेला केस सच्छिद्र असतो, त्यामुळे हे क्षार त्याला जास्त धरून बसतात. तो वाळल्यावर कडक वाटतो, निस्तेज दिसतो, गुंततो. गंमत म्हणजे नवी वाढ त्याच पाण्यात ठणठणीत असते, म्हणून दोन पोतांमधला फरक आणखी उठून दिसतो.

तपासणी घरच्या घरी होते. साबणाला फेस येत नाही, बादलीला आणि नळाला पांढरे डाग पडतात, गीझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो, तर पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. सोसायटीच्या कमिटीकडे पाण्याचा रिपोर्ट मागा. टीडीएसचा छोटा मीटर एकूण क्षार दाखवतो, निव्वळ कठीणपणा नाही.

उपायांबद्दल स्पष्टच सांगते. तुरटी फिरवल्याने टँकरचा गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. पाणी उकळल्याने कठीणपणाचा एक भाग जातो, सगळा नाही. शॉवरला लावायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ अडवतात. कॅल्शियम काढायला आयन-एक्स्चेंज रेझिनचा सॉफ्टनर लागतो, ज्यात ठरावीक दिवसांनी मीठ भरावं लागतं. तो परवडत नसेल तर स्वस्तातला मार्ग असा: केस नेहमीच्या पाण्याने धुवा आणि शेवटचे दोन-तीन तांबे आरओच्या शुद्ध पाण्याचे ओता. आरओच्या पाइपमधून बाहेर पडणारं, फरशीसाठी साठवलेलं पाणी मात्र चुकूनही वापरू नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए (क्षार धरून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग किंवा चिलेटिंग शॅम्पू आणि त्यावर भरपूर कंडिशनर. केराटिन असेल तर हा शॅम्पू थरही लवकर उतरवतो, त्यामुळे दीड-दोन महिन्यांतून एकदाच. लिंबू थेट पिळू नका, ते फार आंबट पडतं. लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून शेवटचा हात फिरवला तर चालेल.

७. पावसाळा लागला की सगळंच बिघडतं. काय करू?

केस सरळ ठेवणारे पक्के बंध वेगळे आणि रोज वाळताना तयार होणारे कच्चे बंध वेगळे. कच्चे बंध पाण्याने सुटतात. ब्लो-ड्रायने तुम्ही नव्या वाढीला जे सरळ वळण देता, ते याच कच्च्या बंधांवर उभं असतं, आणि जुलैतली दमट हवा ते तासाभरात सोडवते. म्हणून पावसाळ्यात मुळं सरळ करण्यावर वेळ घालवणं म्हणजे आषाढात पापड वाळत घालणं.

त्यापेक्षा केस ओलसर असतानाच नव्या वाढीवर मटारच्या दाण्याएवढं लीव्ह-इन (न धुता ठेवायचं) क्रीम आणि लांबीवर दोन-तीन थेंब सिलिकॉनचं सीरम लावा. सीरमचं काम बाहेरची वाफ अडवणं. पूर्ण कोरड्या, आधीच फुललेल्या केसांवर ओतलं तर ते फक्त तेलकट दिसतं. चिंब भिजलात तर घरी येऊन साध्या पाण्याने केस धुऊन घ्या आणि मोकळे वाळवा. ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपणं हे पावसाळ्यातल्या खाजेचं आणि कोंड्याचं ठरलेलं कारण. या दिवसांत सरळ केसांचा हट्ट सोडायचा असेल तर प्रश्न ११ वाचा. आमचं मत तेच आहे.

८. रोज हेल्मेट आणि स्कार्फ. कपाळाजवळचे केस विचित्र वाकडे होतात.

हेल्मेट काढायचा सल्ला आम्ही देणार नाही. आतून घाम, वरून दाब आणि त्यात आखूड नवी वाढ: ती दाबेल तशीच वाळते. केस पूर्ण वाळवून मगच हेल्मेट घाला. आत सुती स्कार्फऐवजी साटीनचा तुकडा किंवा टोपी वापरा. तुळशीबागेत साटीनचे स्कार्फ आणि स्क्रंची दोन्ही मिळतात. घट्ट पोनी नको, मानेजवळ सैल वेणी घाला. ऑफिसात पोचल्यावर भांगाच्या कडेला ओल्या बोटांनी हलकं पाणी लावून केस हव्या त्या दिशेला दाबून धरले, की दहा मिनिटांत वाकडेपणा जातो. हेल्मेटचं आतलं कापड निघत असेल तर महिन्यातून एकदा धुवा.

९. तेल लावायचं की नाही? पार्लरवाल्या 'नको' म्हणतात, आई 'लाव' म्हणते.

आईचं ऐका, पद्धत आमची घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती. केसातलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण त्यांत फक्त खोबरेलने घटलं. त्याचे रेणू केसाच्या आत शिरतात आणि धुताना केस जास्त फुगत नाही. प्रक्रिया झालेल्या केसाला नेमकं हेच हवं असतं.

धुण्याआधी तास-दोन तास, लांबीला आणि टोकांना लावा. नव्या वाढीला थोडं पुरे. कडकडीत तापवलेलं नको, हाताला कोमट लागेल एवढंच. चंपी हवी असेल तर बोटं टाळूवर ठेवून टाळूच हलवा. तळव्यांनी केस घासले की त्या रेषेपाशी गुंता झालाच म्हणून समजा. तेल लावलेल्या केसांवर इस्त्री कधीच नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल बिनधास्त लावा, पण उटणं केसांत जाऊ देऊ नका. शिकेकाईची कोरडी पूड चोळण्याचंही तेच. ती आवडत असेल तर उकळून, गाळून, फक्त पाणी वापरा. रिबाँडिंगनंतर पहिले तीन-चार दिवस, म्हणजे पहिल्या धुण्यापर्यंत, तेल नाही.

१०. रोज सकाळी फक्त मुळांना इस्त्री फिरवली तर चालेल का?

रोज नाही. आठवड्यातून एक-दोनदा, तेही अटींवर. केस शंभर टक्के कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेली पट्टी आली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे पडतात. 'चर्र' आवाज आला, वाफ दिसली, की थांबा. आधी हीट प्रोटेक्टंट लावा, तापमान १५० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. पार्लरमध्ये याहून जास्त तापमान वापरतात म्हणून तुम्ही ते घरी वापरायचं कारण नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टी कुठे थांबते. सगळ्या जणी मुळापासून सर्रकन टोकापर्यंत ओढतात. खालचा केस आधीच सरळ आहे, त्याला रोज भाजून काय मिळतं? पट्टी नव्या वाढीवरून न्या आणि रेषेच्या अर्धा इंच पुढे उघडून सोडा. पूर्ण डोकं करायची गरजही नसते. भांगाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ बटा आणि कपाळावरचे केस एवढेच केले की लोकांना सगळं सरळ दिसतं. मागचं कुणी उचकून बघत नाही.

११. इस्त्री नकोच असेल तर दोन्ही पोत एकसारखे कसे दिसतील?

उलट बाजूने विचार करा. मुळांना सरळ करण्यापेक्षा लांबीला लहर द्यायची. नवी वाढ निरोगी आहे, तिच्याशी भांडायचं कशाला? रात्री केस नव्वद टक्के वाळलेले असताना लांबीवर थोडं मूस किंवा लीव्ह-इन लावा आणि दोन-तीन सैल वेण्या घाला. केस अगदीच सरळ पडत असतील तर चार-पाच. टोकं सुटी न सोडता साटीनच्या स्क्रंचीत दुमडून घ्या, नाहीतर सकाळी वर लाटा आणि खाली झाडू असं दिसतं. सकाळी वेण्या सोडल्यावर कंगवा लावायचा नाही, बोटांनीच मोकळे करायचे. लांबीची ही लहरसुद्धा कच्च्या बंधांचीच (प्रश्न ७), पण पावसात ती मोडली तरी मुळांशी विसंगत दिसत नाही.

भांग नागमोडी पाडला किंवा बाजू बदलली तरी फुगीरपणा बराच लपतो. चापूनचोपून मधला भांग काढाल तर रेषा दुरून दिसते. केशरचनेत थोडे लेअर्स घेतले तर फरक आणखी मिसळतो, मात्र लेअर्स टोकांकडून हवेत, डोक्याजवळून नकोत. आम्ही स्वतः टचअप करून पैसे मिळवतो, तरीही सांगते: ज्यांना ही सवय जमते त्यांचा टचअप आरामात तीन-चार महिने पुढे जातो.

१२. केस गळत नाहीत, एका ठरावीक जागी तुटतात. हे काय?

आधी खात्री करा. पडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला छोटी पांढरी गाठ दिसली तर तो मुळासकट गळलेला. गाठ नाही, दोन्ही टोकं सारखी, लांबीही डोक्यावरच्या केसांपेक्षा कमी, तर तो तुटलेला. ओला तुटका केस हळूच ताणून पाहा. रबरासारखा लांब होऊन परत न येता तुटला, तर आतले बंध फारच कमी उरलेत.

तुटण्याची नेहमीची जागा नव्या-जुन्या केसांची रेषा. कारण बहुतेक वेळा मागच्या टचअपचं क्रीम रेषेच्या खाली उतरलेलं असतं आणि तेवढ्या पट्ट्यावर दोनदा रसायन बसतं. त्यात रोजची घट्ट पोनी नेमकी तिथेच. पोनीची जागा बदला, इस्त्री बंद करा, विंचरताना प्रश्न ५ मधली मुठीची पद्धत वापरा. आणि पुढचा टचअप रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्दच. तुटणं थांबल्यावर बघू. असे केस घेऊन कुणी आलं तर आम्ही रिबाँडिंग करत नाही, कितीही आग्रह केला तरी.

१३. हेअर स्पा, प्रोटीन ट्रीटमेंट, बाँड रिपेअर, घरी अंडं लावणं. यातलं काय खरं?

फाटे फुटलेला केस पुन्हा जुळत नाही. कात्री हाच त्यावरचा उपाय. दोन-अडीच महिन्यांनी अर्धा-एक इंच कापा. स्पाने केस आठवडाभर मऊ लागतात, चांगल्या कंडिशनरनेही लागतात. छान वाटतं म्हणून स्पा करायचा तर जरूर करा. बाँड रिपेअरवाल्या प्रॉडक्टने प्रक्रियेच्या वेळी होणारं नुकसान कमी होऊ शकतं, पण मेलेला केस जिवंत होत नाही. प्रोटीन महिन्यातून एकदा पुरे. जास्त झालं की केस वाळक्या गवतासारखा कडक होतो. अंड्यातल्या प्रथिनाचे रेणू केसात शिरण्याएवढे लहान नसतात, आणि गरम पाण्याने धुतलं तर केसांत भुर्जी होते. अंडं खा.

१४. मधल्या काळात मेंदी किंवा रंग लावू शकते का? पांढरे केस दिसायला लागलेत.

शुद्ध मेंदीतलं रंगद्रव्य केसातल्या प्रथिनाला घट्ट चिकटतं. केसाला इजा होत नाही, पण पुढच्या टचअपला क्रीम त्या भागात असमान शिरतं: कुठे सरळ, कुठे नाही. वर मेंदी केस कोरडा पाडते, त्यामुळे राठपणा वाढतो. खरा धोका 'काळी मेंदी', 'बरगंडी मेंदी' अशा पुड्यांचा. त्यात कधी धातूंचे क्षार असतात आणि न्यूट्रलायझरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतो, जळतोसुद्धा. पुडीतल्या रंगाने ॲलर्जी येते ती वेगळीच. मेंदी लावली असेल तर टचअपला येताना लपवू नका. आधी एका बटेवर चाचणी करू.

पांढऱ्या केसांसाठी अमोनिया नसलेला किंवा डेमी-परमनंट रंग फक्त मुळांना, टचअपनंतर निदान दोन आठवड्यांनी. हायलाइट्स म्हणजे ब्लीच. रिबाँडिंग केलेल्या लांबीवर ब्लीच नाही.

१५. आधी एकीकडे रिबाँडिंग केलं. आता दुसरीकडे टचअप किंवा केराटिन करता येईल?

रिबाँडिंगवर केराटिन सहसा चालतं, केस तुटत नसतील तर. त्यात इस्त्रीचे अनेक हात फिरतात, म्हणून दोन्हींत काही महिन्यांचं अंतर हवं. दुसरीकडे टचअप करायचा तर त्यांना आधीचं प्रॉडक्ट कळलंच पाहिजे. आपल्याकडचं रिबाँडिंग बहुधा थायोग्लायकोलेटवर चालतं. परदेशात, विशेषतः अति कुरळ्या केसांसाठी, सोडियम हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर वापरतात. या दोघांचं अजिबात जमत नाही. हायड्रॉक्साइडने बदललेल्या केसावर थायो लागलं तर केस मऊ लगदा होऊन तुटतो. परदेशी राहून आलेल्या आमच्या काही ग्राहकांचं घोडं इथेच अडतं. अशा वेळी जुना भाग कापून निघेपर्यंत थांबावं लागतं.

१६. केराटिन करताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला. 'फॉर्माल्डिहाइड फ्री' लिहिलं होतं तरी?

काही प्रॉडक्टमध्ये फॉर्माल्डिहाइड थेट नसतं, पण इस्त्रीच्या उष्णतेने तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. डोळे चुरचुरले तर लाजू नका: थांबवायला सांगा, खिडकी-दार उघडा, बाहेर जा.

'फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रॉडक्टमध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. तेही निर्धोक नाही. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. असं क्रीम लावून केस सरळ केल्यावर प्रत्येक वेळी, म्हणजे तीनदा, तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मूत्रपिंडाचा कुठलाही त्रास असेल तर हे करूच नका. केल्यानंतर उलट्या, पाठीत-कुशीत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर लगेच डॉक्टर गाठा आणि केसांना काय लावलं होतं ते सांगा.

१७. गरोदर आहे / नुकतंच बाळंतपण झालंय. टचअप केला तर?

थांबा. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना आम्ही कुठलीही स्ट्रेटनिंग करत नाही. बाळंतपणानंतर साधारण दोन-चार महिन्यांनी मूठमूठ केस जातात. तो हार्मोनचा खेळ असतो आणि बहुतेकींचं वर्षभरात सावरतं. तेव्हा कपाळाच्या कडेला उगवणारे बारीक, उभे केस म्हणजे तुटलेले नव्हेत, नवे आहेत. त्यांना इस्त्री नको. थोडं कोरफड जेल लावून मऊ ब्रशने बसवा.

१८. ढोल पथकात आहे. शिवाय उन्हाळ्यात पोहायला जाते. केसांचं काय?

नदीपात्रातला रोजचा सराव म्हणजे घाम, धूळ आणि आवळून बांधलेले केस. घामाने नवी वाढ कुरळी होणारच. सरावाआधी सैल फ्रेंच वेणी घाला. घरी आल्यावर रोज शॅम्पू नको, टाळूवर नुसतं पाणी घेऊन निथळू द्या. मिरवणुकीच्या दिवशी फेट्याखाली साटीनची पट्टी बांधा आणि फेटा कपाळाच्या कडेचे केस ओढणार नाही एवढा सैल ठेवा.

पोहताना कोरडा केस क्लोरीनचं पाणी शोषून घेतो. म्हणून आधी साध्या पाण्याने केस भिजवा, लांबीला कंडिशनर लावा, त्यावर टोपी. बाहेर आल्या आल्या धुवा.

१९. लग्नाला दोन महिने आहेत. आधी टचअप करून घेऊ ना?

करायचाच तर महिनाभर आधी. पण आधी तुमच्या मेकअपवालीला विचारा. ताजे रिबाँडिंग केलेले केस रेशमासारखे निसटतात, खोपा धरत नाहीत. मुहूर्ताला पिना सरकतात, गजरा घसरतो आणि ती बिचारी स्प्रेचा अर्धा डबा रिकामा करते. मुळांशी थोडा फुगीरपणा असेल तर अंबाडा उठावदार बसतो, मुंडावळ्याही जागच्या जागी राहतात. टचअप न करता फक्त टोकं कापून घ्या, असंच आम्ही बहुतेक नवऱ्यामुलींना सांगतो. रिसेप्शनला केस मोकळे सोडायचे असतील तर त्या दिवशी ब्लो-ड्राय पुरतो.

२०. कोंडा आहे. कोंड्याच्या शॅम्पूने ट्रीटमेंट जाईल का?

रिबाँडिंग जाणार नाही. केराटिन थोडं लवकर उतरेल. शॅम्पू टाळूलाच लावा, बाटलीवर लिहिलेली मिनिटं ठेवा, लांबीला त्याआधी कंडिशनरचा थर द्या. खपल्या, पुळ्या, जखमा, गोल चकत्यांत टक्कल किंवा क्रीमने भाजल्याची आग असेल तर पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. टाळू बरी झाल्याशिवाय टचअप नाही.

२१. मला आता हे सगळं बंद करायचंय. मूळचे केस परत कसे मिळतील?

वाढवून आणि कापून. वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर वाढ धरली तर खांद्यापर्यंत पूर्ण नैसर्गिक केस यायला दोन ते अडीच वर्षं लागतात. हळूहळू जायचं तर दर तीन महिन्यांनी दोन इंच कापा आणि मधल्या काळात प्रश्न ११ मधल्या वेण्या घाला. धीर नसेल तर नवी वाढ चार-पाच इंच झाल्यावर सगळं सरळ कापून टाका. मानेपर्यंतचे कुरळे केस पुण्याच्या उन्हाळ्यात सुखाचे असतात. सरळ लांबीला पर्म करून कुरळं करायचा विचार मनात आणू नका, त्याच केसावर पुन्हा बंध तोडणं म्हणजे तो हातात येणं.

२२. टचअपला येताना काय तयारी हवी?

आदल्या दिवशी केस धुतलेले, तेल नाही, जेल नाही. जुनं बिल किंवा प्रॉडक्टचा फोटो आणा. गेल्या वर्षभरात लागलेली मेंदी, रंग, ब्लीच आणि चालू असलेली औषधं सांगा. तीन-चार तास मोकळे ठेवा आणि पुढून उघडता येईल असा बटणांचा शर्ट किंवा कुर्ता घाला, डोक्यावरून काढायचा नको. पार्किंग नाही, रिक्षाने या.